बिनमिठाचं

पायाचं हाड पुढ्यात ठेवलं तेव्हा फुल्लाने ते एकदा हुंगलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. एवढंच झालं. पण नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. खमैस दुपारी दुकान बंद करून घरी यायचा तेव्हा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेलं हाड असायचंच. पहाटेपासून हरभऱ्याबरोबर शिजून मऊ झालेलं, बोटांना चिकटणारं, आत मगज भरलेलं. खालच्या पायरीवर त्याचा पाय पडला की वर गच्चीत फुल्लाची नखं फरशीवर टकटक वाजायला लागायची. आज ती वाजली नाहीत. ती उठली, जवळ आली, दारी आलेल्या पाहुण्याला बसा म्हणावं तशी शेपटीही हलवली, आणि मग भिंतीकडे वळली. चुन्याची पांढरी भिंत, तिच्यावर काही नव्हतं. फुल्ला तिच्याकडे बघत राहिली. हे तोंड फिरवणं त्याच्या ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी याच घरात, आतल्या खोलीतल्या पलंगावर, त्याच्या बायकोने, मन्नूबियाने, असंच तोंड फिरवलं होतं. तिच्या बाजूची भिंतही पांढरीच होती.

तो खाली बसला. हाड उचलून तिच्या नाकाशी नेलं, मगज बोटावर काढून ओठांना लावला. फुल्लाने जिभेने तो पुसून टाकला आणि पुन्हा मान वळवली. तिच्या तोंडाला वास येत होता, गंजलेल्या नळाच्या पाण्यासारखा. मग त्याला एकेक आठवायला लागलं. महिनाभर ती पाण्याची बादली दिवसाला दोनदा रिकामी करत होती आणि तो म्हणत होता, बरं आहे, पाणी पिते. सकाळी गच्चीवर पिवळा फेस दिसायचा आणि तो पाणी ओतून मोकळा व्हायचा. मांडीवर हात ठेवला की हाड लागायचं, आणि तो ताटली आणखी भरायचा. माणूस बारीक दिसला की वाढून द्यायचं, याच्यापलीकडे त्याला दुसरा इलाज ठाऊक नव्हता. त्याच्या आईने त्याला तेवढाच शिकवला होता. ती म्हणायची, पोट भरलेल्या माणसाकडे मरण जरा उशिरा येतं. बाब अल-खद्रा या जुन्या वेशीच्या कोपऱ्यावर बत्तीस वर्षं तो लबलाबी विकत होता. शिळ्या पावाचे तुकडे, त्यावर उकळता हरभरा, जिरं, लसूण, हरिसाचा, म्हणजे वाटलेल्या मिरचीचा, लाल गोळा, ऑलिव्हचं तेल, वरून अर्धवट शिजलेलं अंडं. थंडीच्या सकाळी कुडकुडत आलेली माणसं त्याच्या वाडग्यावर वाकत आणि सरळ होत तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम असे. त्या घामाकडे बघून खमैसला आपण जगात कशासाठी आलो हे रोज नव्याने कळायचं.

त्याच संध्याकाळी तो फुल्लाला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर सौसन तरुण बाई होती, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली. तिने रक्त काढलं, फुल्लाच्या हिरड्या दाबून बघितल्या, मग वही ओढून विचारलं, "खायला काय काय घालता, काका?"

खमैस खुर्चीत जरा ताठ झाला. हे त्याला आवडीने सांगता येण्यासारखं होतं. "पाया. रोज. मगजासकट. शुक्रवारी कलेजी. रस्सा पावात कुस्करून. माझ्या कुत्रीने आजवर कचऱ्याला तोंड लावलेलं नाही, डॉक्टर."

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. "रश्शात मीठ? लसूण?"

"मीठ-लसूण नाही तो रस्सा कसला?"

तिने तेही वहीत उतरवलं. आतून कागद आला तो तिने दोनदा वाचला. मग ती म्हणाली, की फुल्लाची मूत्रपिंडं निकामी होत आलीत, दोन्ही. गेला भाग परत येत नाही, उरलाय तो जपायचा. आजपासून हाड नाही, कलेजी नाही, मीठ-लसूण नाही, रस्सा तर नाहीच.

"मग राहिलं काय?"

"भात. अंड्यातलं पांढरं. उकडलेला लाल भोपळा. चमचाभर तेल. कधीतरी चरबीच्या मटणाचा एखादा तुकडा."

"हे आजाऱ्याचं जेवण झालं."

"ती आजारीच आहे, काका."

खमैसने फुल्लाच्या कानामागे बोटं घातली. बराच वेळ त्याने ती तिथेच ठेवली. "मी खायला घालूनच मारली का हिला?"

डॉक्टरने चष्मा काढला. चष्म्याशिवाय ती शाळकरी मुलीसारखी दिसत होती. "असं मी म्हणणार नाही. वय झालंय, मूत्रपिंडं मुळातही नाजूक असतील. रश्शाने आजार आला असं कुणी सांगू शकणार नाही. पण आता तो रस्सा तिला झेपणार नाही, एवढं नक्की." मग तिने खांद्यापाशी कातडी उचलून सुई घातली, पिशवीतलं पाणी कातडीखाली सोडलं. फुल्लाच्या पाठीवर उंटाच्या वशिंडासारखा लहानसा उंचवटा आला. "मळमळ थांबायची गोळी देते. आणि एक ऐका. जबरदस्ती करू नका. मळमळत असताना तोंडात कोंबलं तर त्या अन्नाचीच शिसारी बसते. बुधवारी घेऊन या. तोवर खायला लागली तर वर्ष निघेल, दोनही निघतील. नाही खाल्लं तर..." ती समोरच्या पत्र्याच्या टेबलावरचं पाणी पुसत राहिली, आणि खमैसला बुधवार कळला.

रविवारी दुकानात तो वाडगे भरत होता, पण त्याचं लक्ष हातांकडे नव्हतं. तोंडांकडे होतं. इतकी तोंडं त्याने आयुष्यात कधी नीट बघितली नव्हती. कुणी एका गालात घास ठेवून बोलत होतं, कुणी डोळे मिटून चावत होतं, एका म्हाताऱ्याला दात नव्हते आणि तो पाव टाळूवर दाबून विरघळवत होता. सगळी खात होती. त्यांच्या खाण्यात काही विशेष आहे असं त्यांना वाटतही नव्हतं. टॅक्सीवाला तिजानी, वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक, वाडग्यातून डोकं वर काढून ओरडला, "खमैस, आज हरिसा दोनदा घातलीस! सासू परत आली की काय वरून?"

"खा मुकाट्याने."

"आणि कुत्रीसाठी भात शिजवतोस म्हणे. आम्हाला शिळा पाव, तिला भात! उद्यापासून मीही भुंकत येतो."

बाकीचे हसले. खमैसने तिजानीच्या वाडग्यात न मागता आणखी एक पळी हरभरा ओतला. तिजानीने वर बघितलं आणि त्याचं हसू ओसरलं. "फारच आहे का?" त्याने हळू विचारलं. खमैस म्हणाला, "बुधवारपर्यंत आहे," आणि मागे वळून जिरं भाजायला लागला, जिरं भाजायची गरज नसताना.

भात तिने बघितलाही नाही. रविवारी भात, रविवारी संध्याकाळी भोपळा, सोमवारी पहाटे अंड्याचं पांढरं किसून. प्रत्येक वेळी तो ताटली घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "खा माझी बाई, खा माझे आई," आणि ती कधी ताटलीकडे, कधी त्याच्या तोंडाकडे, कधी गच्चीच्या कठड्याकडे बघायची. तो वाकला की ती मागे सरकायची. डॉक्टरचे शब्द त्याला पाठ होते. पण सोमवारी दुपारपर्यंत तिच्या पोटात अन्न जाऊन पुरते दोन दिवस होऊन गेले होते, आणि दोन दिवस हा शब्द त्याच्या डोक्यात शिट्टीसारखा वाजत होता. त्याने भात आणि भोपळा पातळ वाटला, औषधाच्या दुकानातून आणलेल्या जाड पिचकारीत भरला, तिला दोन गुडघ्यांमध्ये धरलं आणि गालाच्या फटीतून आत सोडला. पहिल्यांदा तिने गिळलं. त्याला वाटलं, जमलं. दुसऱ्यांदा ती थरथरली. तिसऱ्यांदा तिने त्याचं बोट चावलं. जोरात नव्हे, पण रक्त आलं. मग ती जिना उतरून घरात शिरली, आतल्या खोलीत, पलंगाखाली, अगदी भिंतीला टेकून. गिळलेलं सगळं तिने तिथे ओकून टाकलं.

खमैस पलंगाशेजारी फरशीवर बसला. बोटातून रक्त येत होतं ते त्याने येऊ दिलं. पिचकारी अजून हातात होती, आणि ती चमच्यासारखी वाटत होती. तीन वर्षांपूर्वीचा तो चमचा चांदीच्या कडांचा होता, मन्नूबियाच्या माहेरचा. पोटातली गाठ वाढली तशी ती कमी कमी खात गेली, आणि तो जास्त जास्त शिजवत गेला. शेवटच्या महिन्यात तर तो दुकान लवकर बंद करायचा आणि सूप करायचा, गव्हाच्या दाण्यांचं, मटणाचं, धने, टोमॅटो, लिंबू पिळून. सबंध घर त्या वासाने भरून जायचं. आत मन्नूबिया नाकावर चादर ओढून पडलेली. तो म्हणायचा, एक चमचा. माझ्यासाठी एक. ती ओठ मिटायची. एका दुपारी चमचा तिच्या दातांवर वाजला. सूप हनुवटीवरून झग्यावर ओघळलं, आणि ती शांतपणे म्हणाली, "खमैस, तू मला भरवतोयस की स्वतःला?" मग तोंड भिंतीकडे. दारात मुलगी उभी होती, ओल्फा. तिने पुढे होऊन आईचा झगा बदलला. त्यानंतर नऊ दिवसांनी मन्नूबिया गेली. मयताला आलेली माणसं हवं नको विचारत होती, आणि खमैसच्या डोक्यात एकच होतं, की ती उपाशी गेली. सगळ्या मोहल्ल्याला जेवू घालणाऱ्याच्या घरातून माणूस उपाशी गेलं. हे त्याने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. पण पावाचे तुकडे करताना, वाडगा विसळताना, ते त्याच्याबरोबर असायचं. बुटात खडा असला आणि बूट काढायला वेळ नसला तर माणूस जसा चालतो, तसा तो तीन वर्षं चालत होता.

ओल्फा टपाल कार्यालयातून साडेपाचला आली. चौतीस वर्षांची, घटस्फोटानंतर माहेरी परतलेली, बोलायला तिखट. ती दारात थांबली, बापाकडे बघितलं, मग वाकून पलंगाखाली.

"बोटाला काय झालं, बाबा?"

"डब्याचा पत्रा लागला."

"पत्र्याला दात असतात वाटतं." तिने पिचकारी त्याच्या हातातून काढून घेतली, फडकं आणून ओकारी पुसली, मग त्याच्या समोर भिंतीला टेकून फरशीवरच बसली. पायातले बूटही काढले नाहीत. "डॉक्टरबाईने नको म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"आईच्या वेळीही नको म्हटलं होतं."

"मला ठाऊक आहे मी काय केलं ते," खमैस म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच उंच वाटला. "तू दारात होतीस. तेव्हापासून माझ्यासमोर तू घास घेत नाहीस. रोज आपलं, बाहेर खाऊन आले, बाहेर खाऊन आले. मला काय कळत नाही?"

ओल्फाने पिचकारी बाजूला ठेवली. पलंगाखालून फुल्लाचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "आई खायची."

"काय?"

"तुम्ही दुकानात गेलात की. सात-साडेसातला, मी कामावर निघण्याआधी. रोज नाही, पण बहुतेक दिवस. उकडलेला बटाटा. मी सोलून तिच्या हातात द्यायचे आणि बाहेर जायचे. बाहेर जायचंच, अशी तिची अट होती. कुणी बघितलं की घास फिरतो म्हणायची. मी स्वयंपाकघरात घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसायचे. कधी दोन घास जायचे, कधी अर्धा. शेवटच्या सोमवारी सगळा खाल्ला होता. वर म्हणाली, बरा होता गं."

खमैसला पुष्कळ काही विचारायचं होतं. त्यातलं जे तोंडातून बाहेर आलं ते असं, "मीठ लावून?"

"बिनमिठाचा. मिठाने तिच्या पोटात आग व्हायची."

"आणि मला का नाही सांगितलंस? तीन वर्षं?"

"शपथ घातली होती. म्हणाली, त्याला सांगू नकोस. अख्खं गाव त्याच्या हातचं जेवतं, आणि बायकोला उकडलेला बटाटा गोड लागतो हे कळलं तर तो हाय खाईल." ओल्फाने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "मला वाटायचं, शपथ मोडू नये. आणि रागही होता तुमच्यावर, खोटं कशाला बोलू. वाटायचं, राहू दे यांना तसंच."

आधी त्याला राग आला. बटाट्याचा राग. कसलीही कला नसलेला, पाण्यात टाकला की झालं असा बटाटा. मग त्याला ती दिसली. उशीला टेकून बसलेली, सकाळचं ऊन पायांवर, दोन्ही हातांत बटाटा धरून लहान मुलीसारखी कडेकडेने खाणारी, आणि खोलीत कुणी नाही. तो नाही, त्याचा चमचा नाही. ती आपल्या आपण खात होती, आपल्या मनाने, आणि तिला ते बरं लागत होतं. ती उपाशी गेली नव्हती. त्याचे खांदे हलायला लागले. ओल्फाला वाटलं, रडतोय, आणि तो रडतही होता, पण मधेच तो म्हणाला, "बटाटा! माझ्या घरात बटाटा!" आणि त्याचं रडणं कुठे संपतं आणि हसणं कुठे सुरू होतं ते दोघांनाही कळेना. ओल्फाही हसली. पलंगाखाली फुल्लाने मान उचलून दोघांकडे बघितलं.

मंगळवारी त्याने दुकानावर कागद लावला, आज बंद. सकाळी गोळी दिली आणि तासभर काही केलं नाही. हे तासभर काही न करणं त्याला फार जड गेलं. मग थोडासा भात मऊ शिजवला, दोन अंड्यांचं पांढरं उकडून कुस्करलं, भोपळ्याची एक फोड, चमचाभर तेल. चाखून बघितलं. जिभेवर ते अगदी गप्प बसलं. त्याचा हात सवयीने मिठाच्या बरणीकडे गेला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. ताटलीत त्याने मूठभरच वाढलं. एरवी कुणाला एवढंसं वाढायची त्याला लाज वाटली असती. ताटली कोमट होती. ती त्याने गच्चीत, सावलीत, फुल्लापासून चार हातांवर ठेवली. खा म्हटलं नाही. नाव घेतलं नाही. वळला आणि जिन्यात जाऊन बसला, गच्चीकडे पाठ करून.

जिन्यात गार होतं. खालच्या बिऱ्हाडात कुणीतरी कपडे आपटत होतं. खमैसने आपले हात मांडीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. भाजल्याचे जुने डाग, लसणाने पिवळी पडलेली नखं, चावलेल्या बोटाला ओल्फाने बांधलेली चिंधी. त्याला वाटत होतं, आत्ता वळून बघावं. त्याला वाटत होतं, ताटली भिंतीच्या फार जवळ तर नाही ना, ऊन तर आलं नसेल, भात गार झाला असेल. कपडे आपटणं थांबलं. त्या शांततेत एक नख वाजलं. मग बराच वेळ काही नाही. त्याच्या मानेला रग लागली. मग दुसरं नख, आणि मग तो आवाज, ओला, मंद, जीभ कथलाच्या ताटलीवरून फिरल्याचा. एकदा. थांबून पुन्हा. खमैसने डोळे मिटून घेतले. आयुष्यात दोनशे माणसांचं खाणं त्याने रोज ऐकलं होतं, पण खाण्याचा आवाज एवढा मोठा असतो हे त्याला माहीत नव्हतं. तो वळला नाही. ताटली सरकत सरकत कठड्याला लागून खणकन वाजली तरी वळला नाही.

अर्धं खाल्लं होतं. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. ओट्यावर वाटीत अंड्यांचे पिवळे बलक साठले होते. ओल्फा कामावरून आली, तिने ते बघितले, पदार्थ फुकट घालवायचे नाहीत असं काहीतरी पुटपुटली, तव्यावर तेल टाकलं आणि बलक परतून पावात घालून ओट्याशी उभ्याउभ्याच खायला लागली. खमैस भोपळा चिरत होता. तो भोपळाच चिरत राहिला. थोड्या वेळाने ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "हरिसा कुठेय?" त्याने मान वर न करता बरणी सरकवली.

बुधवारी डॉक्टर सौसनने फुल्लाचं वजन केलं आणि टेबल पुसलं नाही. तिने ओल्फाला कातडीखाली पाणी सोडायला शिकवलं, मूत्रपिंडांवरचा भार हलका करणारी एक पांढरी पूड दिली, आणि ही अन्नात मिसळायची, पण आठवडाभराने, आधी तिचा विश्वास बसू दे, असं बजावलं. मार्च तसा गेला. सगळे दिवस चांगले नव्हते. दोनदा ओकाऱ्या झाल्या, एकदा पूर्ण दिवस ताटली तशीच राहिली आणि खमैस ती उचलून घेऊन आला, धुतली, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ठेवली. पूड घातली त्या दिवशी फुल्लाने भाताच्या कडेकडेने खाऊन मधला भाग तसाच ठेवला, तेव्हा तो तिच्यावर खेकसला, "शहाणी आहेस मोठी!" आणि त्याला बरं वाटलं. दुकानात तिजानीने एकदा विचारलं, "बुधवार कसा गेला?" खमैस म्हणाला, "कितवा?"

एप्रिलच्या मध्यावर पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टरने कागद त्याच्यासमोर धरला, जणू त्याला आकडे वाचता येत होते. "बरी होणार नाही हं ती, काका. ते मी आधीच सांगितलंय. पण आकडा खाली आलाय. मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ खाली." तिने कार्डावर काहीतरी लिहिलं. "आता एकदम जूनमध्ये या. दुसऱ्या आठवड्यात. मधे काही वाटलं तर फोन करा."

"जूनमध्ये," खमैस म्हणाला.

बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. फुल्ला दोरी ओढत पुढे चालली होती, दर खांबाशी थांबत, हुंगत, कुणाची घाई नसल्यासारखी. मंडईच्या तोंडाशी भाजीवाल्या बाईने लाल भोपळ्याच्या मोठ्या फोडी मांडल्या होत्या, कडा सुकत आलेल्या. खमैसने एक निवडली. बाई ती कागदात गुंडाळत होती तेव्हा त्याने विचारलं, "हा जूनमध्ये मिळतो का गं?"

"जूनमध्ये? जुना संपलेला असतो, नवा यायचा असतो. तेव्हा कोवळा हिरवा भोपळा मिळेल, हवा तेवढा." तिने त्याच्याकडे बघितलं. "पण आत्ता एप्रिल चाललाय, काका. आतापासून कशाला चौकशी?"

"हिला हिरवा आवडतो का बघायला हवं," खमैस म्हणाला. तो आणखी काही सांगणार होता, पण फुल्लाने दोरीला असा हिसका दिला की त्याला निघावंच लागलं.